इको नसलेल्या रुग्णालयात बाळंतिणीची धाप: पहिल्या दहा मिनिटांपासून पुढच्या सहा महिन्यांपर्यंत

रात्री अडीचच्या सुमारास वॉर्डातल्या मावशी ड्युटी रूमचं दार वाजवतात. "मॅडम, अकरा नंबरची बाई झोपतच नाही. मघापासून बसूनच आहे." हे वाक्य कानावर पडलं की आज मी हातातलं टाकून निघते. नोकरीच्या पहिल्या वर्षी तसं नव्हतं.

तेव्हाची ती बाई बाळंत होऊन नऊ दिवसांची. खोकला, धाप, पायावर सूज, जेवण जात नव्हतं. तिची आई म्हणाली, "फार अशक्तपणा आलाय हो, एक सलाईन लावा." मी लावलं. छातीत सूं-सूं आवाज येत होता म्हणून नेब्युलायझेशनही दिलं. तासाभरानं गेले तर ती खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती, एका हातानं खिडकीचा गज घट्ट धरून. दोन शब्द बोलली की थांबायची. आईनं तिचं तोंड पदरानं पुसलं आणि पदरावर फिकट गुलाबी फेस उमटला. इनचार्ज सिस्टरांनी मला न विचारता सलाईनचा रोलर बंद केला आणि मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही श्वास मोजले. मिनिटाला ३८.

ती वाचली, आणि ती सिस्टरांमुळे वाचली. हा लेख त्या रात्रीच्या माझ्यासारख्यांसाठी आहे: बंधपत्रित सेवेवर नुकतेच रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी आणि लेबर रूमला नव्यानं लागलेल्या सिस्टर. तुमच्याकडे इको (हृदयाची सोनोग्राफी) नसेल, फिजिशियन नसेल, सिव्हिल (जिल्हा रुग्णालय) दोन-तीन तासांवर असेल. तरीही जीव वाचवणारी बरीचशी कामं तुमच्या आवाक्यात आहेत. मात्र धाप लागलेली गरोदर बाई किंवा बाळंतीण दिसली की ती हृदयाची पेशंट आहे असं धरूनच सुरुवात करायची. तपासणीत तसं निघालं नाही तर उत्तमच.

हृदय कधी थकतं ते आधी समजून घ्या

गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदयाला दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलावं लागतं आणि २८ ते ३२ आठवड्यांच्या आसपास हा भार शिगेला पोचतो. हृदयाची झडप आकसलेली असेल तर ती बाई इथेच पहिल्यांदा धापते. मग प्रसूतीच्या कळा. आणि वार पडल्यावर गर्भाशय आकसून आपल्यातलं रक्त एकदम परत रक्ताभिसरणात ढकलतं, पोटातल्या मोठ्या शिरेवरचा दाबही सुटतो. आपण "सुटली बाई" म्हणून हात धुतो त्याच क्षणी हृदयावर सगळ्यात मोठी लाट येते. पुढचे २४ ते ७२ तास म्हणूनच जोखमीचे.

या सगळ्याहून वेगळा एक आजार आहे, पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी. आधी धडधाकट असलेल्या बाईच्या हृदयाचा स्नायूच शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ढिला पडतो. इकोवर पंपिंग (दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं त्या रक्ताचं प्रमाण) ४५ टक्क्यांच्या खाली आणि दुसरं काही कारण सापडत नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सव्वा महिन्यानं किंवा तिसऱ्या महिन्यात बाई सासरी जाते, आणि धाप लागते ती तिथे. ती बाह्यरुग्ण विभागात येते तेव्हा बाळ सासूच्या कडेवर असतं, आणि ही बाळंतीण आहे हे केसपेपरवर कुणी लिहिलेलं नसतं. तरुण बाई धाप घेऊन आली की पहिला प्रश्न विचारा: बाळंत होऊन किती दिवस झाले?

पहिली पायरी: घड्याळ लावून श्वास मोजा

पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, आणि केसपेपरवर सवयीनं "२०" तर मुळीच लिहू नका. आपल्या वॉर्डांत सगळ्यात जास्त वेळा न मोजता लिहिला जाणारा आकडा हाच आहे, आणि या आजारात सगळ्यात आधी बिघडणाराही हाच.

गरोदरपणात थोडा दम लागतोच, पाय सुजतातच. मग वेगळं काय ओळखायचं? पुस्तक सांगतं की किती उशा घेता ते विचारा. पाड्यावर एका घरात एकच उशी असते, तीही पाहुण्यासाठी. त्याऐवजी विचारा: "भिंतीला टेकून झोपावं लागतं का? रात्री श्वास कोंडून उठून दाराशी जाऊन बसतेस का? आडवी पडलीस की खोकला सुटतो का? मागच्या महिन्यात हंडा घेऊन चढ चढत होतीस, आता कुठवर जाऊन थांबतेस?" यातल्या एकाला जरी "हो" आलं तरी ती गरोदरपणातली साधी धाप नाही.

मग आकडे बघा. श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त, नाडी ११०च्या वर, ऑक्सिजन ९५च्या खाली, वरचा रक्तदाब ९०च्या खाली किंवा १६०च्या वर, फुप्फुसांच्या तळाशी करकर आवाज, मानेची शीर फुगलेली: यातलं काहीही सापडलं तरी घरी पाठवायचं नाही. ऑक्सिमीटर लावताना नखाला रंग असेल तर पुसून घ्या, बोटं गार असतील तर चोळून ऊब द्या. आणि सूं-सूं ऐकू आलं म्हणून दमा ठरवू नका. फुप्फुसात पाणी भरलं की तसाच आवाज येतो. आयुष्यात कधी दमा नव्हता आणि बाळंतपणात पहिल्यांदा झाला, यावर मी आता सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

दुसरी पायरी: पहिली दहा मिनिटं

बसवा. खाटेचं डोकं वर, पाय खाली सोडलेले. गरोदर असेल तर उजव्या कुशीखाली चादरीची घडी घालून पोट डावीकडे कलतं करा. तिला आडवं पाडून तपासायचा हट्ट धरू नका, त्या दोन मिनिटांतही ती कोसळू शकते.

सलाईन बंद करा. सुई राहू द्या, बाटली काढा. नातेवाईक नाराज होतील, कारण गावात उपचार म्हणजे सलाईन. त्यांना मी सांगते, "छातीत आधीच पाणी भरलंय, वरून आणखी ओतलं तर ती गुदमरेल." हे लोकांना लगेच पटतं.

ऑक्सिजन सुरू करा. गरोदर बाईला ९५च्या वर ठेवायचं. ९०च्या खाली असेल तर पिशवीचा मास्क, १० ते १५ लिटर. कोविडनंतर बऱ्याच रुग्णालयांत बायपॅप मशीन आल्या आणि स्टोअरमध्ये झाकून राहिल्या. रुजू झालात त्याच आठवड्यात ती बाहेर काढून चालू करून बघा. शुद्धीवर असलेल्या, रक्तदाब बरा असलेल्या बाईला मास्क लावून दिलेला दाब फुप्फुसातलं पाणी मागे ढकलतो आणि श्वासनलिकेत नळी घालायची वेळ टळते. पहिल्या पाच मिनिटांत तिला मास्कनं गुदमरल्यासारखं होतं. तेवढा वेळ मास्क हातानं धरा, तिच्याशी बोलत राहा, मग पट्टे बांधा.

फ्युरोसेमाइड, म्हणजे आपण ज्याला लॅसिक्स म्हणतो ते, २० ते ४० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश. ॲम्प्यूलवरचा आकडा वाचा, घाईत २०ची ४० समजली जाते. लघवीची नळी घालून तासातासाची लघवी नोंदवा. पहिल्या काही तासांत ताशी १०० मिलिलिटरच्या वर लघवी यायला हवी. तासाभरात तेवढी आली नाही आणि रक्तदाब ठीक असेल तर डोस दुप्पट करा.

वरचा रक्तदाब ११०च्या वर असेल तर नायट्रोग्लिसरिन. सिरिंज पंप नसला तरी अडत नाही. २५ मिलिग्रॅमची ॲम्प्यूल ५०० मिलिलिटरच्या डेक्स्ट्रोज ५ टक्क्यांत मिसळा आणि मायक्रोड्रिप सेट लावा, ज्यात ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला १२ थेंब म्हणजे १० मायक्रोग्रॅम. तिथून सुरुवात करा, दर पाच मिनिटांनी रक्तदाब बघा, थोडं थोडं वाढवा. या वेगानं तासाला १२ मिलिलिटरच जातं, म्हणून ही बाटली चालते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत औषधाचं नाव लिहा, नाहीतर ड्युटी बदलल्यावर कुणीतरी साधं सलाईन समजून रोलर सैल करेल. ड्रिप तयार होईपर्यंत सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम जिभेखाली ठेवता येतं. झडप आकसल्याची शंका असेल तर नायट्रेट जपून, तिथे रक्तदाब झपकन पडतो.

वरचा रक्तदाब ९०च्या खाली, हात-पाय गार, बाई ग्लान असेल तर नायट्रेट देऊ नका, लॅसिक्सचा मारा करू नका. डोब्युटामिन किंवा नॉरॲड्रेनलिन सुरू करून तिला हलवायचं आहे आणि हे एकट्यानं करू नका. जिल्ह्याच्या फिजिशियनचा आणि भूलतज्ज्ञाचा नंबर लेबर रूमच्या भिंतीवर चिकटवलेला हवा. इथे दिलेले डोसही त्यांच्याशी एकदा शांतपणे बोलून, तुमच्या स्टोअरमध्ये खरंच काय आहे ते बघून कागदावर उतरवून ठेवा. रात्री तोच कागद कामाला येतो.

तिसरी पायरी: कारण शोधा, हातात आहे त्यावर

बाई थोडी सावरली की चार टोपल्या समोर ठेवा.

पहिली, रक्तदाब. १४०/९०च्या वर, लघवीत प्रथिनं, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. हा गरोदरपणातला रक्तदाब फुप्फुसात उतरलेला असतो. दुसरी, पंडुरोग. पापणी उलटून पाहा, तळहात पाहा. हिमोग्लोबिन ५च्या खाली गेलं की हृदय नुसत्या धावपळीनं थकतं. तिसरी, झडप. लहानपणी सांधे सुजले होते का, "इंजेक्शनं" (पेनिसिलिनची) चालू होती का? तिला डाव्या कुशीवर थोडं वळवून स्टेथोस्कोपची घंटेची बाजू छातीच्या टोकावर हलकेच ठेवा आणि डोळे मिटून ऐका. लांबून ट्रक चढावर घरघरत यावा तसा हलका आवाज म्हणजे मायट्रल झडप आकसलेली. आपल्या देशात गरोदरपणात सापडणाऱ्या हृदयरोगांत संधिवाताच्या तापानं बिघडलेली झडप अजूनही मोठा वाटा उचलते, त्यामुळे हा आवाज ऐकायला शिका. चौथी, वरचं काहीच नाही, नाडी जलद, हृदय मोठं, पाय सुजलेले: ती पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी असण्याची शक्यता धरा.

टोपल्या एकमेकींत मिसळतात. पंडुरोग आणि झडप, रक्तदाब आणि कमकुवत स्नायू, एकाच बाईत सापडतात. न्यूमोनिया आणि फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ हे दोघंही रांगेत असतातच. ताप असेल तर अँटिबायोटिक सुरू करा, पण त्यासाठी लॅसिक्स थांबवू नका.

ईसीजी काढाच. पूर्णपणे नॉर्मल ईसीजी असेल तर स्नायूच्या आजाराची शक्यता कमी होते, संपत नाही. छातीचा एक्स-रे गरोदर बाईचाही काढता येतो. पोटावर शिशाचं ॲप्रन ठेवा, बाळापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात. "पोटात बाळ आहे" म्हणून एक्स-रे नाकारला आणि त्यात दिवस गेला, असं होऊ देऊ नका. सोनोग्राफीच्या पोटाच्या प्रोबनं फुप्फुसातलं पाणी उभ्या पांढऱ्या रेषांसारखं दिसतं आणि हे शिकायला फार वेळ लागत नाही. पण यंत्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेलं असतं. नोंदणीतल्या डॉक्टरांनीच, ठरलेल्या जागी, नोंद करून ते वापरायचं. रात्री परस्पर वॉर्डात ओढत नेऊ नका. आधीच अधीक्षकांशी बोलून रीत ठरवून घ्या.

चौथी पायरी: ज्या कारणाचा त्या कारणासारखा उपचार

रक्तदाबाच्या बाईला नायट्रोग्लिसरिन आणि लॅसिक्स तर द्यायचंच, सोबत मॅग्नेशियम सल्फेट. ते स्नायूत दिलं तर अंगात पाणी कमी जातं: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम. प्रत्येक डोसआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि लघवी बघा, कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी ठेवा. लॅबेटॅलॉल इथे टाळा. हृदयाची ताकद किती उरली आहे हे माहीत नसताना ते हृदयाला आणखी मंद करतं.

पंडुरोगात रक्त हवंच, पण अख्खं रक्त चढवू नका. पॅक्ड सेल, एका वेळी एक पिशवी, तीन-चार तासांत, आधी २० ते ४० मिलिग्रॅम लॅसिक्स देऊन. घाईनं चढवलेल्या दोन पिशव्यांनी सकाळपर्यंत बाई दगावू शकते.

झडपेच्या आजारात सगळा खेळ नाडीचा. नाडी जितकी जलद, तितका आकसलेल्या झडपेतून रक्त उतरायला वेळ कमी आणि फुप्फुसात पाणी जास्त. फुप्फुसं थोडी कोरडी झाली की मेटोप्रोलॉल १२.५ ते २५ मिलिग्रॅम दोनदा देऊन नाडी शंभराच्या आत आणा. ॲटेनोलॉल गरोदरपणात नको, बाळाची वाढ खुंटते. नाडी अनियमित असेल तर डिगॉक्सिन, आणि रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून हेपॅरिनबद्दल तज्ज्ञांशी बोला. पेनिसिलिनचं इंजेक्शन गरोदरपणातही चालूच ठेवायचं. औषधांनी जमलं नाही तर फुग्यानं झडप उघडण्याची सोय असलेल्या ठिकाणी पाठवायचं आणि ते गरोदरपणातही करता येतं.

स्नायूच्या आजारात, बाळ पोटात असताना, एनॅलाप्रिलसारखी औषधं पूर्णपणे बंद, स्पायरोनोलॅक्टोनही नको. हायड्रॅलाझिन आणि नायट्रेट चालतात. बाळंतपणानंतर एनॅलाप्रिल कमी डोसानं, २.५ मिलिग्रॅमपासून, सुरू करता येतं आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतं. बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी औषधं) धाप चालू असताना सुरू करू नका. पाणी उतरल्यावर, बाई आडवी झोपू लागल्यावर सुरू करा. पंपिंग खूप कमी असेल तर हृदयातच रक्ताची गाठ तयार होते, म्हणून तिला एनॉक्सापॅरिन किंवा हेपॅरिन लागतं.

ब्रोमोक्रिप्टिनबद्दल नवे डॉक्टर हमखास विचारतात. प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाचा एक तुकडा हृदयाच्या स्नायूला इजा करतो, असं २००७ मध्ये संशोधनातून पुढे आलं. त्यावरून दूध बंद करणारं हे औषध वापरात आलं, २.५ मिलिग्रॅम रोज किमान आठवडाभर. ते गाठींचा धोका वाढवतं, म्हणून हेपॅरिनशिवाय कधीच देऊ नये. पण पाड्यावरच्या बाळाला आईचं दूध बंद म्हणजे बाटली, बाटलीत नाल्याचं पाणी, आणि पंधरा दिवसांत जुलाब. माझं मत असं की ग्रामीण रुग्णालयात हे औषध आपण आपल्या मनानं सुरू करू नये. मोठ्या केंद्रातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी इको बघून, बाळाच्या दुधाची सोय विचारून ठरवावं.

पाचवी पायरी: प्रसूती जवळ आली असेल तर

बाळाचं डोकं खाली दिसत असेल तर बाईला गाडीत घालू नका. इथेच सोडवा, मग पाठवा. तसं नसेल तर आधी सावरा, मग हलवा. हृदयाच्या बहुतेक पेशंटना नैसर्गिक प्रसूती सिझरपेक्षा सोसते. आकसलेल्या झडपेच्या बाईला ग्रामीण रुग्णालयात पाठीतून भूल देऊन सिझर करणं फार जोखमीचं आहे.

तिला अर्धं बसवून, डावीकडे कलतं ठेवा. पाय उंच टांगलेल्या स्थितीत रक्त छातीकडे धावतं. "जोर लाव, जोर लाव" असं ओरडू नका. मावशींनाही आधीच सांगून ठेवा, कारण ती आरोळी त्यांच्या तोंडात बसलेली असते. बाळ खाली आलं की व्हॅक्यूम किंवा फोर्सेप्सनं मदत करा. तिचं काम कमी करायचं आहे.

वार पडल्यावर ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, किंवा संथ ड्रिपमधून. शिरेत एकदम ढकललं तर रक्तदाब कोसळतो. मेथर्जिन नको. ट्रेवर सवयीनं भरून ठेवलेली मेथर्जिनची सिरिंज अशा बाईच्या खोलीतून आधीच बाहेर काढा, अंधारात आणि गडबडीत हात तिकडेच जातो. कार्बोप्रोस्टही शक्यतो टाळा. रक्तस्राव झालाच तर मिसोप्रोस्टॉल आणि गर्भाशय चोळणं यावर भर द्या. वार पडल्यानंतर २० मिलिग्रॅम लॅसिक्स देऊन पहिले २४ तास तरी दर तासाला श्वास मोजा, प्रसूती कितीही सुखरूप झाली असली तरी.

अजून एक. अपुऱ्या दिवसांच्या कळा थांबवायला आयसॉक्सप्रिन किंवा तशी नाडी वाढवणारी औषधं सलाईनमधून देण्याची जुनी सवय काही ठिकाणी टिकून आहे. झडपेचा आजार असलेल्या बाईला त्यानं फुप्फुसात पाणी भरू शकतं. कळा थांबवायच्या आधी छाती ऐका.

हृदय बंद पडलंच तर छाती दाबताना एकानं गर्भाशय दोन्ही हातांनी डावीकडे ओढून धरायचं. गर्भाशय बेंबीच्या वर असेल आणि चार मिनिटांत हृदय सुरू झालं नाही, तर आहे तिथेच पोट उघडून बाळ बाहेर काढायचं. आईसाठीच.

सहावी पायरी: रेफर करणं म्हणजे चिठ्ठी देणं नव्हे

महाराष्ट्रात १०८ची गाडी २०१४पासून आहे, त्यात डॉक्टर असतो. मातांना २०११पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत वाहन, औषधं आणि रक्त मिळतं. हे नातेवाईकांना स्पष्ट सांगा. पैशाच्या भीतीनं लोक रात्र काढतात आणि सकाळी निघतात. पुढच्या हृदयाच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपयोगी पडते, म्हणून रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्यायला लावा.

पोचणार त्या डॉक्टरांना फोन करा, निरोप ठेवू नका. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात मेळघाटचा घाट. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला तर रस्ताच बंद. म्हणून ऑक्सिजनचा हिशेब आधी मांडा. छोट्या बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये १५०० लिटर असतात. मिनिटाला १० लिटर दिले तर अडीच तास पुरतात. रस्ता तीन तासांचा असेल तर एक सिलिंडर पुरणार नाही. सोबत एक सिस्टर, लॅसिक्सच्या भरलेल्या सिरिंज, नायट्रोग्लिसरिनची बाटली, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी). बाई बसलेली, पाठीला गाद्या. चिठ्ठीवर "कार्डियाक?" एवढंच लिहू नका. श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, काय दिलं, किती वाजता, लघवी किती, हे लिहा.

झडपेचा आजार माहीत असलेली बाई दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीत सापडली तर तिची बाळंतपणाची तारीख पावसाळ्यात येते का ते आजच बघा. दुर्गम भागातल्या माहेरघरात गरोदर बाईला आधीच आणून ठेवण्याची सोय चांगली आहे, पण हृदयाच्या बाईला प्राथमिक केंद्राजवळच्या माहेरघरात ठेवून भागत नाही. तिची सोय सिव्हिलजवळ करा, शेवटच्या आठवड्यांत.

घरी पाठवताना

इथे आपण सगळ्यात जास्त कमी पडतो. बाई बरी दिसते, आडवी झोपते, नातेवाईक घाई करतात, आणि महिन्याभरात औषधं बंद.

आधी खाण्याचं. पापड, लोणचं, खारवलेली मिरची, सुकी मासळी बंद. "मीठ कमी" एवढं सांगून चालत नाही, कारण मीठ भाजीत कमी होतं आणि पानातल्या लोणच्यात राहतं. दिवसाला साधारण दीड लिटर पाणी, पेज आणि चहा धरून. घरातला एक तांब्या मोजून दाखवा.

मग शेक-शेगडी. खाटेखाली निखारे, कढत पाण्याची अंघोळ, बंद खोली, तुपातले लाडू. आजी हे मायेनं करते. पण उष्णतेनं त्वचेकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि थकलेल्या हृदयाला आणखी काम लागतं. उत्तर नायजेरियात झारिया भागात हौसा समाजाच्या बाळंतिणीही मातीच्या तापवलेल्या कट्ट्यावर झोपत, कढत पाण्यानं अंघोळ करत आणि कनवा नावाचं खनिज मीठ घातलेली पेज पीत. तिथे बाळंतिणींत हृदयविकाराचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त दिसलं आणि १९७०च्या दशकात डॉक्टरांनी त्याचा या प्रथांशी संबंध जोडला. हेच मूळ कारण का, यावर पुढे वाद झाला. तरी कमकुवत हृदयाच्या बाईला मीठ आणि शेक दोन्ही झेपत नाहीत, यात शंका घ्यायला जागा नाही. आजीला "हे अंधश्रद्धा आहे" असं म्हणू नका. "हिच्या हृदयाला गरमी सोसत नाही, शेक बाळाला द्या, हिला नको," असं म्हटलं की त्या ऐकतात.

आशाताई घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. त्यांना फोन करून सांगा की बाळाचं वजन करताना आईचे श्वासही मोजा, आणि दर भेटीत पायाची सूज बघा, दाबून खड्डा पडतो का ते. रुग्णालयातून सुटताना बाईचं वजन लिहून द्या. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साचतंय.

औषधं किमान सहा महिने ते वर्ष. इको पुन्हा सहा महिन्यांनी. बऱ्याच बायकांचं हृदय या काळात सुधारतं, पण सुधारलेल्या हृदयालाही पुढचं बाळंतपण धोक्याचं असतं. पंपिंग सुधारलंच नसेल तर पुन्हा गरोदर राहू नये. हे नवऱ्यासमोर, सासूसमोर, बाईच्या देखत सांगा. एस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत, गाठी होतात. तांबी चालते, अंतरा इंजेक्शन चालतं. दोन मुलं असतील तर मी नवऱ्याला बाजूला घेऊन नसबंदीचं विचारते. बाईची शस्त्रक्रिया म्हणजे तिला भूल, पोट उघडणं, कमकुवत हृदयावर ताण. त्याची दहा-पंधरा मिनिटांची, टाका न घालता होणारी. पहिल्या भेटीत बहुतेक नवरे मान खाली घालून निघून जातात. दुसऱ्या भेटीत, बायको बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसून धाप न लागता बाळाला पाजताना दिसते, तेव्हा पुन्हा विचारायचं.